तीन हातांचं टेबल

पोरीच्या खोलीतल्या खिडकीखालच्या जागेचं माप मी माझ्या हातानंच घेतलं. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे तीन हात. नगरला अकरावीला तिचं नाव घातलं होतं आणि एका घराच्या मागच्या अंगाला तिला एकटीला खोली मिळाली होती. एका भिंतीला घरमालकिणीची लोखंडी खाट, दुसरीला स्टोव्हचा कट्टा. उजेडाची खिडकी एकच, दाराला लागून. त्या खिडकीखाली टेबल बसवायचं मी मनात धरलं. मी चौथीपर्यंत शिकले ती उंबऱ्यात बसून, पाटी गुडघ्यावर ठेवून. येणारा-जाणारा म्हणायचा, सरक. पोरीला कुणी सरक म्हणू नये एवढंच मला वाटत होतं.

ह्यांची अट एकच होती. "दाराला आतून कडी लागली पायजे. पोरगी एकटी ऱ्हानार. न्हाई लागली तर त्याच दिवशी माघारी आनीन."

गावचा सुतार अंगणात आला तेव्हा मी दाराआड उभी होते. परक्या माणसासमोर मला बोलायला होत नसे. ह्यांनी सांगितलं, "तीन हात." सुतारानं स्वतःचा हात फळीवर टाकला. एक, दोन, तीन. त्याचा हात माझ्यापेक्षा चार बोटं लांब होता. मला दिसत होतं. माझ्या हाताचं माप हाय ते, हे अगदी ओठांशी आलं होतं. तोवर त्यानं खूण मारून करवत लावलीसुद्धा.

पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. भाकरी थापताना परातीच्या काठावर बोटं मोजायची. चार त्रिक बारा, बारा बोटं म्हणजे वीतभर. मग वाटायचं, खोलीत मीच सैल मोजलं असेल, बसेल. परत मोजायची.

शनिवारी टेबल एसटीच्या टपावर टाकून आम्ही मायलेकी नगरला गेलो. हे दुसऱ्या दिवशी धान्य घेऊन यायचे होते. टेबल खिडकीखाली लावून मी दार लोटलं. ते फळीवर आपटून थांबलं. वीतभर फळी दारात आली होती.

"आई, टेबल परत ने. मी खाटंवर वाचीन."

"मांडीवर पुस्तक घिऊन? मग गावात काय वाईट हुतं?"

मी तडक घरमालकिणीच्या दारात गेले. करवत हाय का, विचारलं.

"सुतार सोमवारी येईल की हो."

"हिचे वडील उद्याच येत्यात, दार बघायला."

"म्हणून तुम्ही कापणार? बाई, हात कापून घ्याल!"

पण करवत दिली. टेबलाचे पाय आत घेतलेले होते, त्यामुळं एका बाजूची फळी कापता येत होती. टेबल गल्लीत काढलं. हलू नये म्हणून पोरगी त्यावर बसली. करवत अडकायची, मी ओढायची. जाणारी माणसं थांबून बघत होती. पदर दोनदा डोक्यावरून घसरला, सावरायला हात मोकळा नव्हता.

रविवारी ह्यांनी पोतं टेकवायच्या आधी कडी लावून बघितली. लागली. मग कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"कुनी कापलं हे, इतकं वाकडं?"

"मी."

"तरीच! सुतार एवढा येडा न्हाई."

"चुकला तोच. आपल्या हातानं मापलं त्यानं. मला तवाच दिसलं हुतं."

"मग तवा तोंडाला कुलूप हुतं का?"

ह्यांनी पोतं टेबलाखाली सारलं. म्हणजे पोरगी राहणार होती.

आम्ही निघालो. मागं कडी वाजली. गल्लीच्या तोंडाशी माझे पाय थांबले. ती कड खरखरीत राहिली होती, तिच्या बाहीला लागणार. हे म्हणाले, "एसटी चुकंल, आता काय ऱ्हायलं?" मी तशीच माघारी गेले, दार वाजवलं.

आतून पोरगी म्हणाली, "कोण हाय?"

कडी काढू नकोस म्हटलं, आणि बाहेरूनच सांगितलं, कडेला फडकं गुंडाळ.