ज्वारीच्या डब्यातली अन्नपूर्णा

अन्नपूर्णेला मी अंधारात कोंडून आले, या विचारानं जहाजावर तीन दिवस माझं डोकं खाल्लं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे यजमान आफ्रिकेत, नैरोबीला रेल्वेत कारकून होते. लग्नानंतर दीड वर्षानं मी त्यांच्याकडे निघाले होते, मुंबईहून मोंबासापर्यंत जहाजानं, तेही एकटी. मेहकरच्या पलीकडे माझी मजल फार तर बुलढाण्यापर्यंत, एस.टी.नं, आणि त्यातही चिखली आली की उलटी ठरलेली. अशी बाई दर्यापार निघाली म्हणून गल्लीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला होता. मला मात्र, खरं सांगते, रडू कमी आणि उत्सुकता जास्त होती.

लग्नात माहेराहून पितळेची लहानशी अन्नपूर्णा मिळाली होती. तिला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही, हा माझा तेव्हापासूनचा नेम. घर बंद करून गावाला जाताना देव धान्यात ठेवायची आमच्याकडे रीत आहे, तशी सासूबाईंनी ती ज्वारीनं गच्च भरलेल्या डब्यात ठेवली आणि डबा ट्रंकेच्या तळाशी. "तळालेच राहू दे वं, धक्का लागन तिले," म्हणाल्या. मलाही वाटलं, ज्वारी धक्का लागू नये म्हणूनच. बंदरावर हमालानं ट्रंकेवर खडूनं काहीतरी लिहिलं, मला काहीतरी विचारलं. मी आपली जहाजाच्या धुराड्याकडे आ वासून बघत होते, म्हटलं "हो हो". दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पूजेला बसायला गेले, तर खोलीत ट्रंक नाही! ती गेली होती जहाजाच्या पोटात. जहाजावरचे साहेब म्हणाले, सामानाच्या कोठाराचं दार आता मोंबासालाच उघडणार. म्हणजे आणखी आठ-नऊ दिवस.

मी पाण्यावर राहिले. खोलीतल्या दोघी गुजराती बहिणी भल्या होत्या. त्या म्हणाल्या, मनातल्या मनात नैवेद्य दाखवा आणि जेवा. मी ताट घेऊन बसलेसुद्धा. पण मन म्हणे, ती खाली अंधारात उपाशी आणि तू इथं भात कालवतेस? ताट सरकवून दिलं. त्यातही माझ्या चौकशा थांबल्या नव्हत्या बरं का. कठड्याला धरून मी विचारत असायची, या पाण्याला तळ आहे का, गोडं पाणी येतं कुठून, रात्री रस्ता कसा सापडतो? तिसऱ्या दिवशी असंच काही विचारता विचारता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी जिन्यातच बसले. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हिंदीत स्पष्ट सांगितलं, उद्या सकाळपर्यंत पोटात अन्न गेलं नाही, तर वाटेतल्या बेटावर उतरवून दवाखान्यात ठेवावं लागेल. तिथून पुढचं जहाज कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. यजमान मोंबासाच्या धक्क्यावर उभे राहतील आणि मी भलत्याच बेटावर! आता मात्र मी रडले. म्हटलं, माय, तुला कोंडलं ते मीच, आता काय करायचं ते तूच सांग.

दुपारी वास आला. ज्वारीची भाकर तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकली की येतो तो. आधी वाटलं, भुकेनं भ्रम झाला. पण वास काही जाईना. भर समुद्रात भाकर भाजतंय तरी कोण? अंगात त्राण नव्हतं, पण चौकशीची खोड कुठं जाते! भिंत धरत धरत खाली गेले. डेकच्या प्रवाशांचा स्वयंपाक होई तिथं कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला पाहताच म्हणाली, "काऊन वं बाई, तोंड कसं सुकलं तुयं?"

आमच्याच जिल्ह्यातली, जळगाव जामोदकडची आपली बोली, आणि ती तिथं! मी मटकन खालीच बसले आणि सगळं सांगून टाकलं. तिनं ऐकलं, भाकर उलटवली आणि खळखळून हसली.

"कशात ठेवली म्हनतं? जवारीत?"

"हो."

"मंग देव धान्यात काऊन ठेवतात वं? उपाशी राहू नये म्हनून न! डबाभर जवारी हाये तिच्यापाशी. ते खाऊन-पिऊन बसली, अन् तू काऊन मरून राह्यली?"

जन्मभर घरात पाहिलेली रीत, आणि तिचा अर्थ मला कधी विचारावासा वाटला नव्हता. जगाच्या चौकशा करणारी मी! म्हातारीनं वरणात भाकर कुस्करली. पहिला घास अन्नपूर्णेच्या नावानं बाजूला ठेवायला लावला आणि दुसरा स्वतःच्या हातानं मला भरवला. त्या घासाची चव आजही जिभेवर आहे.

सकाळी डॉक्टरांनी नाडी बघून मान डोलावली. बेट आलं, गेलं, मी कठड्यावरून डोळे भरून पाहिलं. मग म्हातारीला भेटायला खाली गेले. स्वयंपाकी म्हणाला, "ती आई? ती तर बेटावर उतरली." मला जिथं उतरवणार होते तिथंच. तिचं कोण होतं तिथं? मी तर तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

मोंबासाला ट्रंक उघडली. गच्च भरलेल्या डब्यात ज्वारी चार बोटं खाली गेली होती आणि अन्नपूर्णा वर बसली होती. यजमान हसून म्हणाले, "अगं, जहाज हलतं, दाणे दबतात." मीही म्हटलं, तसंच असेल. त्या ज्वारीची पहिली भाकर केली तेव्हा दोन घास बाजूला काढले, एक देवीचा आणि एक त्या माउलीचा. आजही काढते.

पुढं ओळखीचं कुणी त्या बेटावरून आलं की जीभ शिवशिवायची. आयुष्यात दिसेल त्याची चौकशी केली, एवढी एक मात्र केली नाही. भरवणाऱ्या हाताला पत्ता विचारू नये, असं वाटलं.