यायरची मोटरसायकल आणि चार सह्या

यायर थळकर माझ्या समोरच्या दारात राहतो. त्याची आई आणि मी भायखळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर शिकलो आणि लग्न होऊन पनवेलला एकाच जिन्यावर राहायला आलो, म्हणून तो मला मावशी म्हणतो. त्याला मी पाळण्यापासून ओळखते, असं गेल्या वर्षापर्यंत अगदी सहज म्हणायचे.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. पनवेलमधली आमची बहुतेक घरं इस्रायलला गेली. यायरचे दोन भाऊ गेले, बहीण गेली, शेवटी आईसुद्धा थोरल्याकडे गेली. प्रत्येक वेळी विमानतळावर बॅगा ढकलायला यायर. शनिवारच्या प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात. यायर सिनेगॉगला पायी जायचा आणि आत शिरताना मोजायचा. नऊ भरले असले तर स्वतःच्या छातीवर बोट ठेवून हसत म्हणायचा, "चला, गाडी सुरू करा."

२००४ मध्ये तो ठाण्याला मुलगी पाहायला गेला, तेव्हा आईच्या जागी मी आणि माझे यजमान राफेल गेलो होतो. पोह्यांची बशी हातात असतानाच यायर म्हणाला, "माझी एकच अट आहे. मी पनवेल सोडून कुठेही जाणार नाही. आधीच सांगतो, मागून रडारड नको."

ती मुलगी एफ्रात. ती म्हणाली, "मला ठाण्याहून पनवेलला यायचंच जिवावर आलंय. त्याच्यापुढे कुठे जाऊ?"

सगळे हसले. त्या दिवसाच्या डायरीत हे दोघांचं बोलणं मी जसंच्या तसं लिहिलेलं आहे.

उरणच्या गॅस प्रकल्पात तो यंत्रांच्या मोजमापाचं काम करतो. मार्च २००७ मध्ये त्याने काळी स्पोर्ट मोटरसायकल घेतली, पुढे वाकून बसायची, अंगावर प्लॅस्टिकचं कव्हर असलेली. उरणच्या रस्त्यावर बंदराचे कंटेनर रांगेने चालतात. त्यांच्या मधून तो पंधरा वर्षं रोज गेला आणि रोज आला. आमचा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत गाडी पुसून झाकायची, ती शनिवारी चांदण्या दिसल्यावरच उघडायची. त्यात कधी खंड पडला नाही. एफ्रातला गाडी पहिल्या दिवसापासून आवडत नव्हती. मागची सीट उंच, साडी नेसून बसता येत नाही, भाजीची पिशवी कुठे अडकवायची ते कळत नाही. "ही वीक आणि माणसाची गाडी घे," हे मी भिंतीपलीकडून किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही.

२०२२ मध्ये गाडीची नोंदणी संपत आली. पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी तपासून घ्यावी लागते, मग आणखी पाच वर्षं मिळतात. नाहीतर नवीन घ्यायची. यायर तीन महिने याच विचारात होता. विचुंब्याच्या हरेशचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. यायरची गाडी पहिल्यापासून त्याच्याकडे. मी दूध आणायला निघाले की दोघांचं बोलणं कानावर पडायचं.

"यायरशेट, पार्ट मिलत नाय. कुर्ल्याला जाऊन मेलेल्या गाडीचा काढून आनतो, तो हिला लावतो. किती दिवस आमी ही भुताटकी करायची?"

"इंजिन बघ की. आवाज ऐक."

"आवाज चांगला हाय. कंबर तुमची गेलीय. उतरताना बघितलं मी, आजोबा बैलगाडीतून उतरतात तसं!"

नवीन गाडीही त्याने पाहून ठेवली होती. तिचं माहितीपत्रक घेऊन तो माझ्याकडे यायचा आणि मला काही कळत नसतानाही ब्रेकची वैशिष्ट्यं समजावून सांगायचा. एकदा म्हणाला, "मावशी, जुनी ठेवली तर पाच वर्षं. नवीन घेतली तर पंधरा. तोवर मी एकसष्ट वर्षांचा होईन, नोकरी संपलेली असेल. नवीन घ्यायची म्हणजे तोवर इथेच राहायचं, असं मला आपलं वाटतं." त्याला नवीनच हवी होती. फक्त जुनीला टाकल्यासारखं वाटत होतं, म्हणून अडला होता.

याच सुमारास हरेशने काम निघालंय म्हणत गाडीचं इंजिन बरेच दिवस उघडून ठेवलं, आणि एफ्रातचाही सूर बदलला. "काय घाई आहे? चांगली चालतेय की," ती जिन्यात म्हणाली. "नवीन वस्तूंना दम नसतो." यायर तर विरघळलाच. मला म्हणाला, "बघ मावशी, पंधरा वर्षांनी बायकोला गाडी आवडली." ती सहकारी बँकेत नोकरीला, घरातली सगळी कागदपत्रं तिच्याकडे. नूतनीकरणाचे अर्जही तिनेच आणले आणि भरले. जेवणाच्या टेबलावर तिने बोट ठेवलं तिथे यायरने सह्या केल्या. चार सह्या. त्याने वाचलं नाही. तिच्या हातचा कागद त्याने कधीच वाचला नव्हता.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. मुलगी हदासा बारावीत होती. तिला कॉलेजच्या प्रकल्पासाठी घराण्याचा वृत्तांत लिहायचा आहे, असं म्हणाली. यायरच्या आईवडिलांच्या लग्नाची तारीख, लग्न लावणाऱ्या हजानचं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याचं, नाव, यायरच्या सुंतेचा दिवस. माझ्याकडे सगळं होतं. मी तीन डायऱ्या काढल्या, चहा केला आणि तिला सावकाश सांगत बसले. विचारणारं कुणी आलं याचाच मला आनंद झाला होता. शेवटी तिने कागद पुढे केला. "माहिती खरी आहे, एवढंच लिहा ना, मावशी." मी लिहिलं आणि खाली सही केली. एकेका ओळीखाली बोट ठेवून वाचायची माझी सवय, पण त्या दिवशी मीही काही वाचलं नाही.

पाच आठवड्यांनी मुंबईच्या एका कार्यालयातून फोन आला. बाई फार सभ्यपणे बोलल्या. थळकर कुटुंबाच्या इस्रायलला स्थायिक होण्याच्या अर्जात साक्षीदार म्हणून माझं नाव आहे, दोन तारखा पडताळायच्या आहेत. मी तारखा सांगितल्या आणि फोन ठेवला.

मला वाटलं, यायरने माझ्यापासून लपवलं. त्याच शुक्रवारी तो खाली गाडी झाकत होता. मी जिन्यावरूनच म्हटलं, "जायचं ठरवलंस तर निदान मला तरी सांगायचं होतंस."

"कुठे जायचं?"

मी फोनचं सांगितलं. तो कव्हरची दोरी हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "माझी सही लागली असेल ना त्याला?" उत्तर त्याचं त्यालाच सापडलं होतं. चारपैकी तीनच सह्या गाडीच्या कागदांवर होत्या.

एफ्रात त्याला हाक मारायला खाली आली, दिवे लावायची वेळ झाली होती. त्याचा चेहरा पाहून तिने लपवालपवी केली नाही.

"हदासासाठी केलं," ती म्हणाली. "इथे तिला आपल्यातला मुलगा कुठून आणणार आहेस? प्रार्थनेला दहा माणसं जमवताना तुमची दमछाक होते."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"हो. नाहीच म्हणालो असतो."

"मग?"

"मग काय? ते माझं मी म्हणायचं होतं ना? आणि हदासाला माहीत होतं?"

एफ्रात वळून जिना चढायला लागली. म्हणजे मुलीलाही माहीत होतं.

"मग हरेशने इंजिन का उघडून ठेवलं होतं?" म्हणत तो तसाच गॅरेजवर गेला. मीही मागे गेले, मला राहवलं नाही. हरेशने त्याला पाहताच हातातला पाना खाली ठेवला.

"वैनी बोलल्या, सरप्राईज हाय. दोन महिने नवीन गाडी घेऊ देऊ नको, जुनी चालती ठेव. मी इंजिन उघडून ठेवलं ना तेवा, त्याला काय झालं नव्हतं. शपथ, मला वाटलं, त्याच तुमाला नवीन गाडी देतायत."

"पंधरा वर्षं तुझ्याकडे येतोय मी, हरेश."

"माफी करा, शेट."

यायरने आपला अर्ज मागे घेतला. जुनी गाडी त्याने वाशीच्या एका अनोळखी दलालाला देऊन टाकली. हरेश ती मागत होता, त्याला दिली नाही. दुसऱ्या दिवशी नवीन घेतली. कुणाला बरोबर नेलं नाही, पेढे वाटले नाहीत. ती आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाते. जानेवारीत एफ्रात आणि हदासा गेल्या. बॅगा त्यानेच ढकलल्या, असं हदासाने मला विमानतळावरून सांगितलं होतं की नंतर तिकडून फोनवर, ते मी लिहून ठेवलेलं नाही.

प्रार्थनेला तो अजून येतो. दहावा असला तरी छातीवर बोट ठेवत नाही. माझ्याशी तो तुटला नाही, पण येणंजाणं संपलं. एकदाच मला विचारलं, "तारखा विचारायला ती आली, तेव्हा समोरच्या दारात येऊन मला एका शब्दाने विचारावं असं तुला वाटलं नाही?" मी म्हटलं, "प्रकल्प म्हणाली रे." तो म्हणाला, "मलाही फॉर्म म्हणाली होती." आम्ही दोघे सारखेच फसलो, असं तो म्हणेल याची मी वाट पाहिली. तो तसं म्हणाला नाही. अर्जावर माझी साक्ष होती आणि ती मी माझ्या हाताने दिली होती.

गेल्या शनिवारी, अंधार पडल्यावर, तो गाडीवरचं कव्हर काढताना दिसला. मी खिडकीतून विचारलं, "कशी आहे रे नवीन?"

"चांगली आहे. ब्रेक फार चांगले आहेत." त्याने कव्हराची घडी घातली, ती नीट बसेना म्हणून परत उलगडली. "पण मावशी, मी तिला घेणारच होतो ना? की जुनीच ठेवली असती? आता मला ते कधीच कळणार नाही."