अव्वल कुणाचं?

मैत्रिणींनो, हा कागद वाचनालयाच्या फळ्यावर आजच लावतेय, कारण उद्यापर्यंत गावात काहीतरी वेगळंच सांगितलं जाईल.

माझी थोरली बहीण आक्का अनगोळ गावी असते. नवरा गेल्यापासून शेत तीच करते. आज दुपारी शेतीच्या प्रदर्शनात तिच्या तांदळाला पहिलं बक्षीस मिळालं. टोपलीवर चिठ्ठी लागली, 'अव्वल'. खाली नाव मात्र तिच्या दिराचं.

आक्काला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.

ती तडक तिथल्या कारकुनाकडं गेली. "रोप म्या लावलं, तण उपटून भांगलण म्या केली. ह्यांचं नाव कसं?"

कारकून हसला. "बाई, शेत त्यांच्या नावावर आहे. आणि अव्वल मालाला म्हणतात, माणसाला नाही."

"मग माणसाचं नाव कशाला लिवलंय?"

कारकुनानं दिराकडं पाहिलं. दीर पुढं आला. "वैनी, चार लोकांत कशाला?"

"नाव चार लोकांतच लावलंय न्हवं?"

आक्कानं चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि टोपली डोक्यावर घेतली. कलेक्टरसाहेबांची मडम बक्षीस द्यायला आली, तेव्हा टेबलावर नुसती चिठ्ठी होती. आक्का वाटेत भेटेल त्या बाईच्या ओंजळीत तांदूळ घालत होती. "घे गं, माझ्या हातचा हाय."

अव्वल म्हणजे सगळ्यांत पहिलं, एवढाच अर्थ आपल्याला शाळेत शिकवला. तुमच्या घरात तुमच्या कुठल्या अव्वल कामाखाली दुसऱ्याचं नाव लागलंय? या कागदाखाली जागा सोडली आहे. लिहा, आणि स्वतःच्या नावानं लिहा.