उलटा हात

मशिनला हात लावायचा तर उलटा लावायचा, हे मला मामांनी शिकवलं. मामा माझे नात्यातले नाहीत. चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला आमची दोघांची जोडी होती, आणि तिथे वयानं मोठ्या माणसाला सगळे मामाच म्हणतात. ते निघोज्याचे, जुन्या शेतकरी घरातले. ज्या जागेवर शेजारच्या कंपनीच्या गाड्या उभ्या राहतात तिथे एके काळी त्यांचा कांदा असायचा. हे ते अधूनमधून सांगत, पण आज डब्यात काय आहे हे सांगावं तसं.

उलट्या हाताचं कारण साधं आहे. तळवा लावला आणि करंट असला तर मूठ आपोआप आवळते, मग सुटायचं नाव नाही. हाताची मागची बाजू लावली तर हात झटक्यासरशी मागे येतो. मशिनच्या लोखंडी अंगात करंट उतरलाय का, हे पाहायला मीटर असतो, टेस्टर असतो, पण तरीही मामा टेस्टर लावून झाल्यावर, करंट छातीतून आरपार जाऊ नये म्हणून डावा हात खिशात घालत आणि उजव्या हाताची मागची बाजू मशिनला अलगद टेकवत. झिणझिण्या आल्या तर गळती आहे. आल्या नाहीत तर म्हणत, "बंद हाय." त्यांच्या तोंडून हा शब्द आल्याशिवाय आमच्यात कुणी पाना हातात घेत नसे. सेफ्टीच्या तासाला हात लावून बघू नका असं शिकवतात. मामा त्या तासाला पहिल्या रांगेत बसून मान डोलवायचे आणि बाहेर येऊन आपलंच खरं करायचे.

टेस्टरवर मात्र त्यांचा भरवसा नव्हता. "टेस्टर पेटला न्हाई म्हंजी लाइन बंद हाय, असं न्हाई," ते म्हणायचे. "टेस्टरबी मेलेला असतुय. आदी चालू लाइनीवर लावून बघ, पेटतुय का. मग बंद लाइनीवर लाव. मग परत चालू लाइनीवर. आन् तरी म्हाईत न्हाई वाटलं तर म्हाईत न्हाई म्हनायचं. लाजायचं न्हाई." मला पहिल्यांदा हे सगळं म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं. मग सवय झाली आणि काही वाटेनासं झालं.

माझा उजवा हात गेला तो कपॅसिटरच्या पॅनलवर. गेला म्हणजे तुटला नाही, अजून खांद्याला आहे. मेन बंद केला होता, त्याला माझं कुलूप लावलं होतं, चावी माझ्या खिशात होती, 'माणूस काम करत आहे' ही पाटी लटकवली होती. कपॅसिटर मेन बंद झाल्यावरही करंट पोटात धरून ठेवतो. तो उतरायला थोडा वेळ द्यायचा असतो, तोही दिला होता. पण करंट उतरवायची जी सोय त्याच्या आत असते तीच तुटलेली होती आणि ते बाहेरून दिसत नाही. बारीक स्क्रू जाड रबरी हातमोज्यात धरता येत नाही म्हणून मोजे काढले होते, मेन बंद झाल्यावर सगळेच काढतात. बोटं तारा जोडायच्या टर्मिनलला लागली. मोठा आवाज झाला आणि मी मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेला होतो.

मामा "बंद हाय" म्हणून चहा आणायला गेले होते. परत आले तेव्हा मी उभा राहिलो होतो. त्यांनी विचारलं, "काय रं, भूत बगितल्यागत?" मी म्हणालो, "काही नाही." चहा प्यायलो. तो गरम होता की नाही हे हाताला कळलं नाही. आता येईल जीव हातात, असं म्हणत शिफ्ट संपवली.

हातात जीव आला नाही. बोटं हलत होती, पाना धरता येत होता, पण मनगटाच्या पुढे सगळं बधिर. टोचलं, भाजलं, गार लागलं, काही कळेना. मी कुणाला सांगितलं नाही. ठेकेदाराकडचा माणूस मी, माझं हातावर पोट, आणि हात गेलेल्या वायरमनला कोण ठेवून घेणार. पण खरं सांगायचं तर एवढा हिशेबही मी केला नव्हता. मला भीतीच वाटली नाही. हाताबरोबर बाकीचंही काहीतरी बधिर झालं असावं. सकाळी थेरगावहून बसनं निघायचं, कार्ड दाखवायचं, काम करायचं, परत यायचं. कुणी हसलं की हसायचं. डांगे चौकात भाजी घ्यायची तेव्हा टोमॅटो दाबून बघायची माझी सवय होती, ती गेली. बायको म्हणाली, "अहो, सगळे पिलपिले आणलेत की." मी म्हणालो, "चटणी कर."

कामात मी डोळ्यांवर आणि नाकावर भागवू लागलो. मोटर तापली की वार्निशचा वास येतो, स्क्रू सैल असला की तिथला रंग काळपट पडतो. आणि मामांनी विचारलं की उलटा हात टेकवायचो, काही लागायचं नाही, आणि म्हणायचो, "बंद आहे." प्रत्येक वेळी ते बंदच निघालं. स्क्रू हातातून सारखे पडायचे, तेव्हा मामा म्हणायचे, "बायकूनं लाटणं घातलं का काय हातावर?" मी हसायचो. एकदा जेवताना बायकोनं माझं बोट धरलं. टोकाला मोठा फोड आला होता. तिनं विचारलं, "हे कशानं भाजलं?" मला खरंच माहीत नव्हतं. कंपनीतच कशानं तरी, असं सांगून वेळ मारून नेली.

आमची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. त्या दिवशी माझी पहिली शिफ्ट होती, मी दुपारी घरी आलो आणि बायको तिच्या पॅकिंगच्या कामावर गेली. संध्याकाळी पोरगी खेळता खेळता येऊन चटईवर पडली. बायकोचा फोन आला, "काय करतीय?" मी म्हणालो झोपलीय. "आत्ता कशी झोपली? अंग बघा जरा." मी पोरीच्या कपाळाला हात लावला. उलटा लावला, तशी सवयच लागली होती. काही लागलं नाही. मी म्हणालो, "काही नाही, दमलीय."

बायको आली. चपला काढता काढता तिनं पोरीच्या गळ्याला हात लावला आणि तो तसाच झटकला. "अहो, अंग भाजतंय पोरीचं! कळंना का तुम्हाला?"

रिक्षात पोरगी बायकोच्या मांडीवर होती. पिंपरीच्या पुलाच्या अलीकडे तिचे डोळे वर गेले आणि अंग ताठ होऊन झटके देऊ लागलं. करंट धरलेलं माणूस मी पाहिलेलं आहे, ते असंच दिसतं. मी काय केलं तर मेन स्विच शोधला. चालत्या रिक्षात इकडेतिकडे बघत होतो, कुठून बंद करायचं. बायको मला हाका मारत होती.

संत तुकाराम नगरच्या दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. ताप डोक्यात चढल्यानं लहान मुलांना असे झटके येतात, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता बरी आहे, पण ताप इतका चढेपर्यंत का थांबलात? बायको माझ्याकडे बघत होती. रागानं बघत असती तर बरं झालं असतं. ती माझा उजवा हात बघत होती. फोड, टोमॅटो, सगळं ती त्या बाकावर बसून जुळवत होती आणि मला ते दिसत होतं. तिनं माझ्या हाताला चिमटा काढला, चांगला जोरात. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी पुन्हा कामावर गेलो त्या दिवशी एका मशिनवरच्या बाईंनी तक्रार केली होती. मशिन चावतंय म्हणाल्या, हात लावला की मुंग्या येतात. त्यांच्या लाइनच्या पोरांनी ते हसण्यावारी नेलं होतं. गळती झाली की आपोआप पडणारा स्विच त्या मशिनला होता, पण तो सारखा पडतो, प्रॉडक्शन थांबतं, म्हणून कुणीतरी तो बाजूला काढून सरळ जोडणी केली होती, हे पुढे कळलं. मामा पॅनलचं दार उघडत होते. म्हणाले, "बग रं, बॉडीला हाय का."

माझा टेस्टर त्या दिवशी मंद पेटल्यासारखा वाटला आणि नाहीसारखाही. शेडमध्ये वरून ऊन येत होतं, नीट दिसेना. मी डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताची मागची बाजू मशिनला टेकवली. काही नाही. त्या बाई शेजारी उभ्या होत्या, मी बंद आहे म्हटलं की त्या कामाला लागणार होत्या. त्यांची नजर माझ्या हातावर होती, जशी पोरीचं कपाळ बघताना फोनच्या पलीकडून बायकोची असणार. मी हात मागे घेतला.

"मामा," मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"म्हंजी?"

"माझ्या हाताला कळत नाही. तुम्ही बघा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग येऊन आपला उलटा हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. "आयला! हाय की!" त्यांनी आधी त्या बाईंना लांब उभं केलं, मग मेन पाडला, कुलूप घातलं. खाली वाकून बघितलं तर जमिनीत जाणारी अर्थिंगची तार तुटून लोंबत होती. त्या बाई म्हणाल्या, "मी सांगत होते ना?" मामा म्हणाले, "व्हय ताई, तुमचंच खरं."

मला तेव्हा भीती वाटली. पॅनलला टेकून उभं राहावं लागलं. कपॅसिटरच्या दिवशी वाटायला हवी होती ती सगळी भीती आत्ता, एकदम. लाज वाटेल इतकं बरं वाटलं.

काम उरकल्यावर मामांनी मला बाजूच्या सॉकेटपाशी नेलं आणि सगळं विचारून घेतलं. ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या उजव्या हातात टेस्टर दिला, "धर. लाव चालू लाइनीवर." मी लावला. टेस्टरमधला तांबडा ठिपका पेटला. "ह्यो कसा पेटतुय? तुज्या अंगातनं करंट जाऊन पेटतुय न्हवं? मग लगीच सोताला भंगारात घालू नगं. जा, सायबाला सांग. मी येतु संगं."

ते आले. साहेब कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिले. आता मी टूल रूमला आहे. हातमोजे देतो-घेतो. प्रत्येक मोजा तोंडाशी धरून हवा भरायची, गुंडाळायचा आणि गालाशी नेऊन कुठून वारा सुटतोय का बघायचं, हे गालाला कळतं. सकाळी सगळे टेस्टर चालू लाइनवर लावून बघतो आणि मेलेले बाजूला काढतो. कामाला कुणी नावं ठेवत नाही, पण मला मामांबरोबरच्या फिरतीची आठवण येते. डॉक्टर म्हणतात नसेला मार बसलाय, जीव येईल, वेळ लागेल. किती, ते सांगत नाहीत. मामा जेवायला माझ्याकडे येतात आणि आपल्या डब्यातली भाकरी मला मोडून देतात.

घरी बायकोनं तो विषय एकदाच काढला. म्हणाली, "मला का नाही सांगितलं?" मी खरं उत्तर दिलं, की मला काही वाटतच नव्हतं. ती उठून भांडी घासायला गेली.

पोरगी आता पळते, भांडते, सगळं करते. तिला कुणीतरी सांगितलंय, बहुतेक आईनं, की बाबांच्या एका हाताला कळत नाही. रोज संध्याकाळी ती पाण्याचा पेला आणते, कधी माठातल्या पाण्याचा, कधी चुलीवरून उतरवलेल्या कोमट पाण्याचा, आणि माझ्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवते. "गार का गरम?" पहिले काही दिवस मी तिच्या तोंडाकडे बघून ठोकून द्यायचो, आणि बरोबर आलं की ती टाळ्या पिटायची. काल तिनं तोंड फिरवून ठेवलं होतं. काही दिसेना.

"माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं पेला खाली ठेवला. माझा डावा हात ओढून पेल्याला लावला, गार होता. मग उजवा लावला. मग परत डावा. हे तिला मी शिकवलेलं नाही. "उद्या परत बघू हं बाबा," असं म्हणून तिनं पेल्यातलं पाणी पिऊन टाकलं.