आप्पांच्या हातांवरची घोंगडी

मार्टिन गेल्याची बातमी त्याच्या भाच्याने फोनवर दिली. मी दुकानात गिऱ्हाइकाला साखर बांधून देत होतो. भाच्याचं इंग्रजी तोकडं, माझं तर त्याहून. मामाला शेवटी त्रास झाला नाही, एवढं कळलं. साखर बांधली, पैसे घेतले, आणि मग शटर ओढून आत बसून राहिलो... दीड महिना झाला त्याला.

मार्टिन हॉलंडचा चित्रकार. त्याच्या बापाची समुद्राकाठच्या एका गावात पावाची भट्टी होती. धारूरचा किल्ला बघायला म्हणून आला, आमच्या दुकानावरची खोली महिनाभरासाठी घेतली, आणि पुढे एकोणीस वर्षं दर हिवाळ्यात येत राहिला. "तिकडं हिवाळ्यात उजेडच न्हाई," म्हणायचा. मराठी त्याने आमच्या गल्ल्याशेजारी बसून उचललं, त्यामुळे बोलायचा अस्सल धारूरकरासारखा. मेंढपाळ त्याला मार्तंडराव म्हणायचे आणि हा गडी खुशाल ओ द्यायचा.

दिसतं तेच काढायचं आणि दिसतं तसंच काढायचं, हा त्याचा हट्ट. फोटोवरून कधी काढलं नाही. वस्तू समोर पाहिजे. एकदा सीताफळ घेऊन बसला. काम इतकं सावकाश, की तिसऱ्या दिवशी फळ काळं पडलं. मी म्हटलं, "दुसरं देतो की, त्यात काय!" तर म्हणे, "दुसरं म्हंजे दुसरं. हे काळं झालं, तर काळं काढू." आठवड्याने चित्रात मुंग्याही आल्या. एका मेंढपाळाची झिजलेली चप्पल त्याने बारा दिवस रंगवली. मेंढपाळ बघायला आला, बराच वेळ निरखलं आणि म्हणाला, "समदं बराबर हाय, पण दुसरी कुठंय?" हे आठवून मार्टिन कित्येक दिवस हसायचा. ही चित्रं तिकडच्या प्रदर्शनांत लागायची, विकलीही जायची. आमच्या गावात मात्र तो 'चपलेवाला साहेब'च राहिला.

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, चित्र त्याने काढलं. खुर्चीत बसलेले, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, हात मांडीवर. आणि त्या हातांवर कोड, बोटांपासून मनगटापर्यंत पांढरे डाग, एकूण एक. आप्पांना चित्र लई आवडलं. "हेच माझे हात," म्हणाले. दोन वर्षांनी आप्पा गेले. चित्र बैठकीत राहिलं.

मग माझ्या लेकीला, उमाला, पाटोद्याचं स्थळ आलं. घराण्यात कोड आहे म्हटलं, की पाहुणे चहा पिऊन जातात ते जातातच. पाहुणे बैठकीत बसणार, आणि समोर ते हात! चित्र उतरवायला उमा तयार होईना. मी वर मार्टिनकडे गेलो. "हात नीट करून दे."

"न्हाई."

"अबे, पोरीच्या लग्नाचा सवाल हाय! तुला लेकरू असतं तर कळलं असतं."

असं बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली आला आणि म्हणाला, "घोंगडी घे. आप्पाच्या खुर्चीत बस." समोर असल्याशिवाय काढणार नाही ना! चार दिवस मी मांडीवर घोंगडी घेऊन, हात झाकून बसलो. आप्पांचे हात झाकले गेले. काम झाल्यावर म्हणाला, "मधी वॉर्निश हाय. टर्पेंटाईननं वरचं निघतं, हात खाली तसेच हायेत. तू म्हणशील तवा काढू." लग्न थाटात झालं.

त्यानंतर दर हिवाळ्यात आल्या आल्या विचारायचा, "काढू का?" मी म्हणायचो, उमाचं बाळंतपण होऊ दे. मग, तिच्या नणंदेचं लग्न होऊ दे. गेल्या खेपेला पोटाच्या तपासण्यांसाठी तो लवकर निघाला. एसटीत चढता चढता थांबला. "मन्मथ, आता तरी?" मी म्हणालो, "परत ये, पहिलं काम तेच." सात वर्षं मी हेच केलं. त्याची मला लाज वाटते.

गेल्या रविवारी उमा माहेरी आली. मी तिला म्हणालो, "सासरी काय सांगायचं ते सांग बाई, मी आज घोंगडी काढणार."

"पप्पा, सासूबाईंना मी लग्नाआधीच फोनवर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, आम्हाला पोरगी पायजे, बाकी काय बी असू दे."

"मग मला कावून न्हाई सांगितलंस?"

"कोडाचं नाव काढलं की तुमी म्हणायचात, हळू बोल."

"मार्टिनला तरी सांगायचं..."

"तुमी भांडून आलात, त्याच संध्याकाळी वर जाऊन सांगितलं. काका म्हणाले, असू दे. घोंगडी तुज्या बापाला लागती."

चित्र उतरवलं. कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवला, पण चित्राला लाववेना, तेव्हा उमाने माझं मनगट धरलं. आधी अंगठा निघाला, मग एकेक बोट. करंगळी निघेपर्यंत मला पुढचं दिसेना, इतका रडलो. मार्टिनसाठी आणि आप्पांसाठीही.

चित्र परत बैठकीत लावलंय. परवा एक पाहुणे आले, हातांकडे बघत राहिले आणि दबक्या आवाजात विचारलं, "हे काय हो?"

"कोड," मी म्हणालो. बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "आमच्या आप्पांना कोड होतं."