नीलपंखाचं तिसरं पिल्लू

तीस वर्षं आखातात काढून एकदाही मोठ्याने न बोललेला माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे अंकल. मूळचे वसईचे, इथे एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर. स्वभावाने गरीब म्हणून ते हळू बोलत, असं कोणी समजू नये. पक्षी उडून जातील म्हणून ते कुजबुजत, आणि ही सवय अंगात इतकी मुरली होती की लिफ्टमध्ये, दुकानात, फोनवर बायकोशीसुद्धा ते कुजबुजतच. त्या बिचाऱ्या वसईहून ओरडत, "अहो, ऐकू येत नाही!" शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला जाताना दुर्बीण शर्टाच्या आत दडवलेली असे. प्रार्थनेला गुडघे टेकले की ती पुढच्या बाकावर ठणकन आपटे.

पहाटे जवळच्या बागेत पाण्याचे फवारे सुरू झाले की साळुंक्या, बुलबुल, हुदहुद हिरवळीवर उतरत, आणि त्यांच्याआधी अंकल तिथे हजर असत. सुट्टीच्या दिवशी लोक चटया पसरून जेवायला बसले की अंकल प्रत्येक चटईपाशी वाकून कुजबुजत, "प्लीज, या झाडाखाली नको." लोकांना वाटे, म्हातारा भुकेला आहे, आणि ते ताट भरून हातात देत. अंकल ते निमूटपणे खातही. माझे सासू-सासरे पुण्याहून आले, तेव्हा मशीद आणि समुद्र दाखवा म्हणून मी त्यांना अंकलच्या हवाली केलं. अंकलनी त्यांना भल्या सकाळी शहराच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर नेलं आणि दोन तास फ्लेमिंगो दाखवले. मस्कतचं नाव काढलं की सासूबाई अजून नाकाला पदर लावतात.

गेल्या वर्षी त्यांची नोकरी संपली. व्हिसा रद्द व्हायचा होता, तिकीट आलं होतं, आणि नेमक्या त्याच महिन्यात बागेतल्या एका वठलेल्या खजुराच्या ढोलीत नीलपंखाची तीन पिल्लं होती. अंकल इस्त्रीचा शर्ट घालून अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, गेले आणि त्यांनी आठ दिवस मागितले. घरी कोणी आजारी आहे का, असं अर्बाबने विचारलं. अंकल गंभीरपणे म्हणाले, "नाही सर, पिल्लं अजून उडाली नाहीत." अर्बाबने कॅलेंडरचं पान उलटून बघितलं आणि तो म्हणाला, "खलास, ठरलं. एक आठवडा."

त्या आठवड्यात दोन पिल्लं उडाली. तिसरं ढोलीच्या तोंडाशी येई आणि परत आत जाई. विमानतळाकडे निघताना अंकलनी दुर्बीण माझ्या हातात ठेवली. डोळे भरून आले होते. म्हणाले, "वहिनी, एवढं एक बघा. मला कळवा. प्रॉमिस?"

मी चार दिवस न चुकता गेले. पाचव्या दिवशी मुलगी तापाने फणफणली आणि जाणं झालं नाही. सहाव्या दिवशी ढोली रिकामी होती. खाली एक पीसही नव्हतं, पण शेजारच्या कडुलिंबावर कावळे बसले होते. माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मालूम नहीं, मॅडम."

संध्याकाळी वसईहून फोन आला.

"उडालं?"

"उडालं, अंकल. सरळ कडुलिंबापर्यंत गेलं."

"पंख उघडल्यावर निळं दिसलं ना?"

"दिसलं."

अंकल म्हणाले, "थँक्यू, वहिनी. आता इथे माझं मन लागेल."

फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं. मी अजूनही त्या बागेत जाते. तारांवर नीलपंख बसलेले असतात, कधी तीन, कधी चार. त्यांत आपलं ते तिसरं आहे का, हे मला काही ओळखता येत नाही. ज्यांना ते एका नजरेत कळलं असतं, त्यांना 'उडालं' म्हणून सांगून बसल्यावर आता मी विचारू शकत नाही.