चतुर्थीचे चीज

रायपूर राजधानी होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. बूढापारा मोहल्ल्यातल्या डेअरीत चीज स्लाइसची पाकिटे नुकतीच येऊ लागली होती. एका चतुर्थीला संध्याकाळी एक बाई तिथे पाकीट उलटसुलट करून पाहत होत्या. बाहेर स्कूटरवर त्यांची मुलगी बसली होती.

"भैया, दूध का ही है न?"

"हव दीदी, पूरा दूध का।"

अक्षरे बारीक होती. मंगळसूत्राच्या वाट्यांवरून बाई मराठी वाटल्या, म्हणून शेजारीच उभ्या असलेल्या मी मराठीत विचारले, "वाचून देऊ?"

"द्या न. पोट्टीचा पहिला उपास आहे. साबुदाण्याले हात लावत नाही, सकाळपासून उपाशी आहे."

मी वाचले: चीज, पाणी, दुधाची भुकटी, मीठ, इमल्सिफायर, प्रिझर्व्हेटिव्ह, रंग. प्रथिने आणि कॅल्शियम बऱ्यापैकी होते. प्रत्येक नावाला बाई एकेक बोट मिटत होत्या.

"मीठ सैंधव आहे काय?"

"नुसतं मीठ लिहिलंय."

"मंग नाही चालत. अन् दूधच आहे तं इतकी नावं काहून लागतात याले?"

त्यांनी ताजे पनीर घेतले, हुंगले आणि पर्समधल्या पुडीतले सैंधव त्यावर भुरभुरले. मुलीने स्कूटरवरच अर्धे संपवले.

"मम्मी, अब चाँद निकलने तक चल जाएगा।"

बाई हसत परत आल्या आणि त्यांनी तेच चीजचे पाकीट उचलले.

"दीदी, इसमें तो बहुत नाम हैं न?" दुकानदाराने चिडवले.

"रहने दो भैया. कल उपास नहीं है।"